न्यायाला देवाच्या घरापासून आरंभ : मराठवाड्यातल्या मंडळ्यांना खुले पत्र

मराठवाड्यातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळक, वडीलजन आणि पंच कमिट्यांचे सभासद यांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला, त्यानंतर आमच्या मंडळीत एक ठराव झाला. सुगीच्या सणाला जमलेलं धान्य आणि पैसे यांतून मंडळीच्या नोंदवहीत नाव असलेल्या कुटुंबांनाच किराण्याचं किट द्यायचं, आणि उरलेली रक्कम आवाराच्या नव्या कमानीसाठी राखून ठेवायची. गावातल्या बाकीच्या बुडालेल्या घरांचं काय, असं मी सभेत विचारलं. एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, त्यांना इतकी वर्षं हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. आता देव त्यांचा न्याय करतोय. त्यात आपण हात घालू नये." कोणी हरकत घेतली नाही. इतिवृत्तात एवढंच आलं की ठराव एकमताने मंजूर.

पुढे नाताळाच्या आधी तालुक्याच्या गावी तीन दिवसांची संजीवन सभा झाली. बाहेरून बोलावलेल्या उपदेशकांनी व्यासपीठावरून पूर आलेल्या गावांची नावं घेतली, पापामुळे देवाने नष्ट केलेल्या सदोम-गमोरा या नगरांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "अजून किती पुरावे हवेत?" मंडपात त्याच गावांची माणसं बसली होती. पुढच्या रांगेत एक बाई होती, तिचा गोठा दावणीच्या जनावरांसकट वाहून गेला होता. ती मान खाली घालून बसून राहिली. उठून जायचंही तिला सुचलं नसावं.

मी कमिटीला लेखी अर्ज दिला. उत्तर आलं नाही. इतर तालुक्यांतल्या बहिणींशी बोलले तेव्हा कळलं, हीच भाषा आणखी बऱ्याच ठिकाणी चालली आहे. म्हणून हे पत्र एका कमिटीला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे आणि उघडपणे लिहिते आहे. देवाचं नाव घेऊन जे चारचौघांत बोललं गेलं, त्याचं उत्तर चारचौघांतच द्यायला हवं.

माझ्याकडे पद काही नाही. बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून सगळी नोकरी केली, आता निवृत्त आहे. रविवारी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवते. माझे पणजोबा जालन्याकडच्या एका गावातल्या मांगवाड्यात जन्मले. दुष्काळात ज्यांनी त्यांना भाकर दिली आणि पाटीवर अक्षर काढायला शिकवलं, त्यांच्या देवावर त्यांनी विश्वास ठेवला. माझा विश्वास तिथून आलेला आहे. माझ्या भावाचं शेत सिंदफणेच्या काठाला आहे. काढणीला आलेलं सोयाबीन मातीसकट गेलं. जिथे काळी होती तिथे आता मुरूम आणि गोटे उघडे पडले आहेत. भावाचं नाव नोंदवहीत होतं, त्याला किट मिळालं. त्याच्या बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला मिळालं नाही. त्या शेजाऱ्याने पुराच्या रात्री माझ्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन शाळेच्या गच्चीवर नेलं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. असं काही बोललं की "ही न्यायाचा दिवस मानत नाही" असा शिक्का बसतो, म्हणून आधीच सांगते की मी मानते. देव हाक मारतो, माणूस ती नाकारू शकतो, आणि नाकारल्याचा जाब द्यावा लागतो, हे मी लहानपणी शिकले आणि आजही मुलांना शिकवते. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायात ज्ञान भर रस्त्यात उभं राहून ओरडतं : मी हाक मारली आणि तुम्ही नाकारलीत, मी हात पुढे केला आणि कोणी पाहिलं नाही, पुढे तुम्ही मला हाक माराल आणि मी उत्तर देणार नाही. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला मेंढरं आणि शेरडं वेगळी करण्याचा निवाडा होणार आहे असं धरून मी जगते. ज्या दिवशी मंडळी न्यायाचं बोलणं सोडून देतील त्या दिवशी गरिबाला आशाच उरणार नाही, कारण त्याचा खटला या जगातल्या कुठल्या कोर्टात नीट चालत नाही. माझी तक्रार अशी की हा न्याय आपण आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला आहे.

पहिली तक्रार सभेतल्या त्या वाक्याबद्दल. बुडालेल्या माणसाकडे बोट दाखवून "हा देवाचा न्याय" म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? प्रभूपुढे हाच प्रश्न आला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात काही लोक रोमी सुभेदार पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी घेऊन येतात. प्रभू आपणहून दुसरी घटना काढतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? मी सांगतो, नाही. आणि लगेच तो समोरच्यांना म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. आपल्या उपदेशकांनी यातलं पहिलं वाक्य गाळलं आणि दुसरं भलत्याच माणसांना ऐकवलं. प्रभूने ते जिवंत राहिलेल्यांना ऐकवलं होतं, ज्यांच्या अंगावर बुरूज पडला नव्हता आणि जे दुसऱ्यांच्या मरणाची चर्चा करत उभे होते त्यांना.

मराठवाड्यात आपण हे पहिल्यांदा करत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालं होतं, त्यामुळे "मूर्तिपूजेची शिक्षा" असं आपल्यातल्या काहींना मी तेव्हा माझ्या कानांनी बोलताना ऐकलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ती घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची होती, वर मातीचं जड माळवद. झोपलेल्या हजारो माणसांवर तेच कोसळलं. तान्ही लेकरं गेली, माहेरपणाला आलेल्या पोरी गेल्या. त्यांचं कोणतं पाप, हे सांगणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. या वेळच्या पुराचं कारणही डोळ्यांपुढे आहे. धरणं आधीच भरलेली, त्यावर पाऊस थांबेना, वरून विसर्ग वाढत गेला, आणि वाळू उपसून उपसून नद्यांची पात्रं मोडलेली. यात माणसाचं पाप शोधायचंच असेल तर रात्री वाळू भरायला उभ्या असलेल्या हायवा गाड्यांपाशी शोधा. तिथे जाऊन न्यायाचा दिवस सांगायला धैर्य लागतं, आणि ते आपल्या व्यासपीठावर मला दिसलेलं नाही.

सगळं गमावून बसलेल्या नीतिमान ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच्या दुःखाचं कारण त्याच्या पापात शोधू लागले. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप भडकतो तो अलीफज तेमानी आणि त्याच्या दोन मित्रांवर. देवाविषयी ते यथार्थ बोलले नाहीत, असा त्यांच्यावरचा आरोप आहे. देवाची बाजू घेऊन बोलतो आहोत असं त्यांनाही वाटतच होतं.

सदोमाबद्दल थोडक्यात. सदोमाचं पाप काय होतं हे यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात देव स्वतः सांगतो : गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि असं सगळं असून दीनदुबळ्याला हात दिला नाही. हे वर्णन पूर आलेल्या वस्तीला लागू पडतं की कमानीचा ठराव करणाऱ्या सभेला, हे आपणच वाचून ठरवावं. आणि सदोमाच्या न्यायाची खबर अब्राहामाला लागली तेव्हा त्याने काय केलं? "त्यात आपण हात घालू नये" असं म्हणून तो तंबूत परतला नाही. तो परमेश्वरापुढे उभा राहिला आणि पन्नास नीतिमानांपासून घासाघीस करत दहावर आला. सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का, असं त्याने देवालाच विचारलं. देव रागावला नाही. ज्याला देवाने मित्र म्हटलं त्याने दोषी नगरासाठी रदबदली केली, आणि आपण बिनदोष शेजाऱ्यासाठी दोन किलो तांदूळ द्यायला कचरलो.

माझी सगळ्यात जड तक्रार योनाच्या पुस्तकातून येते, आणि पाळकांनी ती नीट ऐकावी अशी विनंती आहे. देवाची हाक न ऐकल्याचा परिणाम म्हणून शब्बाथ शाळेपासून आपण हीच गोष्ट सांगतो. पण हाक कोणाला आली होती? निनवे या परक्या नगराला जा, ही हाक देवाच्या संदेष्ट्याला, योनाला आली. ऐकली नाही ती त्याने. याफोला जाऊन तार्शीशाच्या जहाजाचं भाडं भरून तो पळाला. वादळ आलं ते त्याच्यामुळे, आणि त्यात सापडले परके खलाशी. ते आपापल्या देवाचा धावा करत होते, जहाज हलकं व्हावं म्हणून आपला माल समुद्रात फेकत होते, आणि देवाचा माणूस तळाशी गाढ झोपला होता. त्याला उठवायला आला तोही परका तांडेलच : झोपलास काय, ऊठ, आपल्या देवाचा धावा कर. चिठ्ठी योनाच्या नावाने निघाल्यावरसुद्धा त्या खलाशांनी त्याला लगेच टाकून दिलं नाही. जहाज किनाऱ्याला लागावं म्हणून त्यांनी आधी जिवाच्या आकांताने वल्ही मारली. शाळेच्या गच्चीवर गाव बसलं होतं त्या रात्री मला हेच आठवत होतं. गावातल्या पोरांनी ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून माणसं काढली, कोणत्या वस्तीतली हे न विचारता. आमच्या मंडळीची इमारत उंचावर आहे. तिचं कुलूप दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं.

आणि त्या पुस्तकाचा शेवट? निनवेने पश्चात्ताप केला आणि ती वाचली म्हणून योना रुसून बसला. देव त्याला विचारतो, ज्यांना उजवाडावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं त्या नगरात आहेत, त्यांची मी पर्वा करू नये का? देवाने गुरांचीही मोजदाद धरली आहे. ज्या बाईचा गोठा वाहून गेला तिच्यापुढे हे वचन वाचायला हवं होतं. ते न वाचता तिला सदोम ऐकवलं गेलं.

आता हाकेबद्दल, कारण "त्यांनी हाक ऐकली नाही" यावरच ठरावाची सगळी मदार आहे. आपल्या सभांमध्ये हाक म्हणजे शेवटचं गीत चालू असताना हात वर करा, पुढे या, एवढंच उरलं आहे. जखऱ्याच्या सातव्या अध्यायात देव काय म्हणतो ते पाहा. लोक उपासाबद्दल विचारायला येतात. उत्तर मिळतं की खरा न्याय करा, एकमेकांवर दया करा, विधवा, पोरका, परका आणि गरीब यांना जाचू नका. पुढे वचन येतं : त्यांनी ऐकलं नाही, खांदा फिरवला, कान बंद केले; मी हाक मारली तेव्हा त्यांनी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी हाक मारली तेव्हा मीही ऐकणार नाही. हाक न ऐकल्याचा हा न्याय आहे आणि हाक कशाची होती तेही तिथेच लिहिलेलं आहे. ज्यांना ती ऐकू आली ते देवाचे लोक होते, मंदिरात जाणारे, उपास पाळणारे.

ही हाक आपल्या गावांत दरवर्षी ठरलेल्या वेळी येते. दसरा-दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडाच्या कडेला कोपीत चार-पाच महिने. पोरं सोबत जातात आणि शाळा सुटते. आरोग्य केंद्रात तिशीच्या आतल्या बाया माझ्यासमोर बसून सांगायच्या, "सिस्टर, पिशवी काढून टाकली." पाळीत काम होत नाही, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, आणि अंगावरून पांढरं जातं म्हणून खासगीत दाखवायला गेलं की कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन उरकतात. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मी त्यातल्या कित्येकींच्या जखमांचे टाके काढले आहेत. कंबर धरून पुन्हा मोळी उचलायला जाणाऱ्या बाईला विश्रांती सांगताना शब्द तोंडातून निघत नसत.

याकोबाने लिहिलं आहे की शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोचला आहे. परमेश्वराच्या कानी पोचलेला हा आवाज आपल्या उपदेशात मी कधी ऐकला नाही. उलट आमच्याकडे जे घडलं ते सांगते. कोयत्यावर गेलेली आपलीच काही कुटुंबं नाताळाला गैरहजर होती, त्यांची वर्गणी थकली, आणि वर्गणी थकली म्हणून नोंदवहीतून नावं कमी झाली. पुरानंतर किट वाटताना हीच नोंदवही उघडली गेली. म्हणजे ज्यांना "आपले" म्हणायला आपण तयार आहोत असं सांगत होतो, त्यांतलेही सगळ्यात गरीब बाहेर राहिले.

एक तक्रार लिहिताना हात जड होतो. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आयुष्य संपवलं. त्या वर्षांत आमच्या भागातल्या आपल्याच एका भावाचं असं झालं. मूठमातीला पाळक आले नाहीत. "त्याचा न्याय झालेला आहे" असा निरोप आला. आम्ही बायकांनी गीत म्हटलं, मी स्तोत्र वाचलं, आणि त्याच्या बायकोला दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. तिला सावकाराचं किती देणं आहे हे महिनाभर मंडळीतल्या कोणी विचारलं नाही. सगळ्या जगाच्या न्यायाधीशाचा निकाल त्या पाळकांना कोणी कळवला होता?

किट कोणाला द्यायचं यावर वचनांची चर्चा खूप झाली, त्यावर मी जास्त लिहीत नाही. पंचविसाव्या अध्यायातला राजा भूक, तहान, वस्त्र, आजार आणि तुरुंग यांबद्दल विचारतो, नोंदवही मागत नाही. पैठण आम्हाला लांब नाही. नाथांनी तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं पोर उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं, ही आठवण गोदाकाठच्या गावागावांत सांगतात. मी ती माझ्या शब्बाथ शाळेत सांगते. यावरूनही माझ्याविरुद्ध कमिटीत बोललं गेलं आहे, आणि तरीही मी ती सांगणार आहे.

शेवटची तक्रार आपल्या वारशाची. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल वसवलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या मांग-महार कुटुंबांना तिथे घर मिळालं, शेती मिळाली, शाळा मिळाली. आपल्यापैकी कितीतरी घरांचं मूळ अशा एखाद्या वस्तीत, एखाद्या बोर्डिंगात किंवा मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर सापडेल. आज आमच्या भागातली जुनी बोर्डिंगं कुलूप लावून पडली आहेत. खिडक्यांची तावदानं फुटलेली, अंगणात काँग्रेस गवत. कुठे आवाराची पुढची बाजू गाळ्यांसाठी भाड्याने गेली आहे आणि त्या भाड्याचा हिशेब वार्षिक सभेत वाचला जात नाही. यिर्मया लोकांना म्हणाला होता, शिलोला जा आणि देवाने स्वतःच्या त्या ठिकाणाचं काय केलं ते पाहून या. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीला ताकीद आहे की पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई तिच्या जागेवरून काढीन. आपल्यातली शिकलेली पोरं पुण्याला, मुंबईला गेली आणि तिथे कुठल्याच मंडळीत जात नाहीत. गावातला दुसरा माणूस अडचणीत आपल्या दाराशी येत नाही, पूर्वी यायचा. देवाच्या न्यायाची चिन्हं शोधणाऱ्यांनी ही चिन्हं आधी वाचावीत. न्यायाला देवाच्या घरापासून आरंभ होतो असं पेत्राने लिहिलं, आणि ते मंडळ्यांनाच लिहिलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कोणत्याही व्यासपीठावरून पूर, दुष्काळ, भूकंप किंवा आजार हा अमुक गावाचा किंवा अमुक माणसांचा न्याय आहे असं बोललं जाऊ नये. बाहेरच्या उपदेशकाला बोलावताना कमिटीने हे आधीच स्पष्ट सांगावं. संजीवन सभेत जे बोललं गेलं त्याबद्दल आयोजकांनी त्या गावांमध्ये जाऊन माफी मागावी. मंडळीत उभं राहून मागितलेली माफी पुरेशी नाही, कारण ज्यांची मागायची ते तिथे नसतात.

मदतीसाठी नोंदवही वापरणं बंद करावं. वर्गणी थकल्यामुळे किंवा कोयत्यावर गेल्यामुळे कमी केलेली नावं परत घ्यावीत.

कमानीचे पैसे खरडून गेलेल्या शेतांवर गाळ टाकण्यासाठी द्यावेत. ट्रॅक्टर आणि डिझेलचा खर्च मोठा आहे, तरी पेरणीच्या आत दोन-चार कुटुंबांची जमीन उभी राहिली तरी पुष्कळ. कोणाची आधी घ्यायची हे गावातल्या लोकांना बसवून ठरवावं.

बंद बोर्डिंगांपैकी जितकी उघडता येतील तितकी पुढच्या गळीत हंगामाआधी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी उघडावीत, सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी. आईबाप फडात असताना मूल गावच्या शाळेत राहावं एवढाच हेतू आहे. स्वयंपाकासाठी आणि रात्री मुलांजवळ झोपायला महिला मंडळातल्या बाया तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिच्यासाठी शाळेमार्फत प्रस्ताव करायला मी स्वतः पंचायत समितीत खेटे घालीन.

आत्महत्या केलेल्या माणसाच्या मूठमातीला पाळकांनी हजर राहावं आणि त्याच्या घरी निदान वर्षभर जात राहावं.

दशांश, सणांची दानं, जागांची भाडी, यांचा जमाखर्च वर्षातून एकदा उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचावा आणि दारावर लावावा.

आणि एक रविवार पश्चात्तापासाठी ठेवावा. त्याची पत्रकं गावात वाटू नयेत. तो आपला असावा. निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, तशी सुरुवात पुढच्या खुर्च्यांवरून व्हावी. पाळकांनी आणि पंचांनी आधी बोलावं, आम्ही त्यांच्या मागून बोलू.

आमोस तकोवाचा गुराखी होता, उंबराची झाडं राखणारा. जुन्या इस्राएलातल्या बेथेलच्या याजकाने त्याला तिथून निघून जायला सांगितलं होतं. मी संदेष्टी नाही, एक निवृत्त नर्स आहे. तरी मला निघून जायला सांगू नका, माझं दुसरं घर नाही. या पत्राचा विषय येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि उत्तर लेखी द्यावं. कोणाला वचनाचा अर्थ माझ्यापेक्षा वेगळा वाटत असेल तर समोर बसून बोलू. मी ऐकून घेईन.

तोवर आम्ही काही बाया शनिवारी संध्याकाळी नदीकडच्या वस्तीवर धान्य घेऊन जातो. ज्वारी आणि तूरडाळ सध्या पुरेशी आहे. मुलांसाठी वह्या आणि बायांसाठी औषधं कमी पडतात. ज्या पाळकांना किंवा पंचांना सोबत यायचं असेल त्यांनी मंडळीच्या फाटकापाशी पाच वाजता यावं.

प्रभूमध्ये आपली बहीण,
एक शब्बाथ शाळा शिक्षिका, बीड जिल्हा